संगणकाची पुढची भाषा कोणती?

अंधेरी येथे १९७३ साली स्थापन झालेल्या ‘सीप्झ’मध्ये पुढे संगणक-आज्ञावलीचा उद्योग रुजला. या व्यवसायातील अनुभवी तंत्रज्ञापुढे उपजीविकेचा एक प्रश्न वारंवार उभा राहतो: आता कोणती भाषा शिकावी? १९५९ साली आखणी सुरू झालेली कोबोल बँकांच्या व्यवहारात अद्याप टिकून आहे. तेव्हा नावीन्य हा एकमेव निकष नव्हे. ‘सी’मध्ये स्मृतीची व्यवस्था तंत्रज्ञाला स्वतः पाहावी लागते. जावा ती आपोआप पाहते, तर रस्ट त्यातील अनेक चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच दाखविते. व्याकरण अनुभवी व्यक्तीस लवकर साधते. म्हणून हातच्या कामास उपयोगी पडेल आणि विचाराची वेगळी रीत शिकवील, अशीच भाषा निवडणे हितावह होय.