विजेच्या पिकअपला टायर कोणते?



गळीत हंगाम संपला, ऊसबिलाचे पैसे खात्यावर पडले, की गावोगाव गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. हल्ली त्यांत विजेवर चालणारा छोटा टेम्पो आला आहे. आपल्याकडे त्याला सरसकट ‘पिकअप’च म्हणतात. टाटांची विजेची ‘एस’ मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिचीच एक टन माल नेणारी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली व एका चार्जिंगला १६१ किलोमीटर जाते असे कंपनीने सांगितले. रोपे, खत, ठिबकच्या नळ्या, बाजारचा भाजीपाला अशा फुटकळ वाहतुकीला ही गाडी सोयीची म्हणून आम्हीही दोघा भावांत एक घेतली. कोणत्या कंपनीची, हे इथे महत्त्वाचे नाही. कारण चूक कंपनीची नव्हती, आमची होती.

आमच्या मळ्याची पाणंद काळ्या मातीची. पहिल्याच पावसात गाडी रुतली आणि बैल जुंपून काढावी लागली. गावात हसे झाले. म्हणून आम्ही तालुक्याला जाऊन जाड नक्षीचे, रुंद, ‘कसल्याही रस्त्याला चालणारे’ चार टायर घातले. दुकानदार म्हणाला, “आता चिखलात घाला नाहीतर डोंगरावर.” सोबत चकचकीत अलॉय रिम. गाडी रुबाबदार दिसू लागली हे खरे!

दोन महिन्यांत पल्ला घटला. भरल्या गाडीला मीटरवर शंभर किलोमीटर मिळत होते, ते पंच्याऐंशीवर आले. बॅटरी बिघडली असे समजून आम्ही दोन हेलपाटे घातले. मग एका संध्याकाळी डीएपीची बारा पोती घेऊन पुतण्या येत असताना कालव्याच्या पुलाअलीकडे मागचा टायर बाजूने फाटला. गाडी कठड्याला घासून थांबली. कठडा नसता तर काय झाले असते, ते आजही आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. विम्याच्या सर्व्हेयरने आल्या आल्या टायरचे माप विचारले आणि नोंदणीच्या कागदाशेजारी धरले. रिमचा आणि पत्र्याचा खर्च आम्हीच सोसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईला जाण्याचा योग आला. आमचे मामा गिरणीत होते, वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांचा जन्म गेला. २०२५ मध्ये त्यांच्या घरच्यांना नव्या चाळीस मजली इमारतीत घर मिळाले, त्याची ही भेट. वरळी म्हणजे टायरवाल्यांचे आणि गाडीवाल्यांचे माहेरच म्हणा. सिएट टायरची मुख्य कचेरी ॲनी बेझंट रोडवर, महिंद्राची मुख्य कचेरीही वरळीतच. सिएट हे नाव मूळचे इटलीतल्या ट्यूरिन शहराचे. १९२४ साली तिथे ही कंपनी निघाली ती विजेच्या तारा करण्यासाठी, आणि नावाचा अर्थही ‘ट्यूरिनच्या विजेच्या तारा व तत्सम माल’ असाच आहे. हिंदुस्थानातली कंपनी १९५८ ची, कारखाना भांडुपला. टायर आणि वीज यांचे नाते असे जुने निघाले.

पण आम्हाला अक्कल आली ती कचेरीत नव्हे, कोळीवाड्यात. तिथे मासळीची विजेची गाडी हाकणारा एक तरुण टायरपाशी उकिडवा बसून काही वाचत होता. “काय वाचताय?” म्हटलं. तो म्हणाला, “दादा, टायर वाचतोय. वाचल्याशिवाय घ्यायचा नसतो.” आम्ही आमची कथा सांगितली. त्याने फाटलेल्या टायरचे माप विचारले. नशिबाने फोनमध्ये फोटो होता.

आमचा जुना टायर होता १५५ आर १३ एलटी, पुढे ९०/८८. नवा होता १७५/८० आर १३, पुढे ८६. आम्ही १५५ पेक्षा १७५ मोठा एवढेच पाहिले. तो आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. वजन किती पेलेल ते शेवटचा आकडा सांगतो. ९० म्हणजे एका टायरला ६०० किलो, ८६ म्हणजे ५३०. (तिरक्या रेघेपुढचा ८८ हा जोडटायरचा, म्हणजे प्रत्येकी ५६० किलो.) ‘एलटी’ म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. आमचा नवा टायर दिसायला धिप्पाड, पण जातीने मोटारीचा! चार चाकांत मिळून २८० किलोची ताकद आम्ही पैसे देऊन कमी करून घेतली होती. शिवाय जुन्या टायरला ठरलेली हवा नव्याला सोसत नव्हती, म्हणून दुकानदाराने ३५ पौंडच भरली होती. कमी हवेचा टायर वजनाखाली बाजूने वाकत राहतो, तापतो, आणि एक दिवस दगडाचे निमित्त होते.

पल्ल्याचेही गणित तिथेच सुटले. जुन्या टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर, नव्याचा ६१०. म्हणजे साडेपाच टक्के मोठा. चाक मोठे झाले, फेरे कमी झाले, मीटर मागे पडला. खरे १०० किलोमीटर गेलो तर मीटर ९५ च्या आतबाहेर दाखवणार. आमच्या मीटरवरचे ८५ म्हणजे खरे ९० च्या घरात होते. म्हणजे निम्मी नाही तरी तिसरा हिस्सा घट निव्वळ मीटरची. बाकीची घट खरी. जाड ठोकळ्यांचा टायर रस्त्यावर लोळताना जास्त ताकद खातो, रिमचे आणि रबराचे वजनही वाढते. डिझेलच्या गाडीला हे कळत नाही, चार लिटर जास्त ओतले की झाले. विजेच्या गाडीला टाकी अर्ध्या रस्त्यात भरता येत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये आलेल्या रिव्हियनच्या विजेच्या पिकअपला असे टायर कंपनीच देते, पण त्यांनी पल्ला कमी होतो हेही तीच सांगते. आणि एवढे करून आमच्या गाडीचे पोट जमिनीपासून वर गेले किती? व्यासाच्या वाढीच्या निम्मे, म्हणजे दीड सेंटिमीटर.

आता चिखलाचे. मुरमाड, खडीच्या वाटेला उघड्या नक्षीचा टायर उपयोगी पडतो, यात शंका नाही. काळ्या रानाची गोष्ट निराळी. ती माती नक्षीत गच्च बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. त्यात विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. पाय जरा जड पडला की चाक जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. याच जोरामुळे टायर झिजतोही लवकर. तेव्हा पाय हलका ठेवणे आणि पाणंदीवर मुरूम टाकणे हे दोन उपाय टायरपेक्षा स्वस्त. आम्ही दोन ट्रॉली मुरूम टाकला. हे आधी का सुचले नाही, असे घरच्या बायकांनी विचारले, उत्तर नव्हते.

रिमबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : शेतीच्या गाडीला लोखंडीच बरा. तो वाकला तर गावात ठोकून सरळ होतो, अलॉय तडकतो. हौस असेलच तर नटांची भोके, त्यांच्यातले अंतर आणि मधला गाळा मूळ चाकाइतकाच हवा. चाक मडगार्डबाहेर आले की बेअरिंगवर ताण येतो. अलॉयचे नट वेगळे असतात, लोखंडी रिमचे त्याला बसतीलच असे नाही. बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. टायरवर आणि रिमवर आयएसआयचे चिन्ह पाहावे. टायरवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळालेला ‘नवा’ टायर पाच वर्षे दुकानात पडलेला असू शकतो. कंपनीने पुस्तिकेत दिलेले माप सोडू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले.

चाक मापाचे हवे, हे आपल्याला काही नवे नाही. लाकडी चाकावर धाव चढवताना सुतार-लोहार आधी चाकाचा घेर मोजत, मग धाव शेणीच्या आरात लाल करून बसवत आणि पाणी मारत. सूतभर चूक झाली तर आरे खिळखिळे. पुढे हवेचे टायर आले, आणि ऊसवाहतुकीच्या बैलगाडीला आपण ‘डनलॉप’ म्हणू लागलो. ज्याचे हे नाव, तो जॉन डनलॉप बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. बैलांच्या मानेवरचा भार हलका करण्यात एका गुरांच्या डॉक्टराचा हात असावा, हे आम्हाला फार आवडले.

वरळीहून परतल्यावर आम्ही जुन्याच मापाचे, ९०/८८ चे चार टायर घेतले. पुतण्या आता दर आठवड्याला हवा स्वतः तपासतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायरही वाचत फिरतो. अलॉय रिम आणि धिप्पाड टायर तीन शिल्लक आहेत, गोठ्याच्या भिंतीला उभे केलेले. बैलगाडीला बसतील का, तेही विचारून पाहिले. बसत नाहीत.