माप सगळ्यांना एकच



निवडणूक झाली की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यांनी पैसे वाटले म्हणून निवडून आले." राग बरोबरच आहे. पण आपल्या पॅनेलच्या ताईने हळदीकुंकवाच्या वाणात साडी दिली, तर ती 'प्रेमाची भेट' कशी होते?

कायदा असा भेद करत नाही. मतासाठी पैसे, साडी, भांडी देणं ही लाच आहे. आणि मतासाठी ते घेणं हासुद्धा गुन्हाच आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता बिनविरोध निवडीचं बघू. भांडण टळतं, खर्च वाचतो, हे खरं. सगळ्यांनी राजीखुशीने ठरवलं तर त्यात वावगं काही नाही. पण जानेवारी २०२१ मध्ये उमराणे (जि. नाशिक) आणि खोंडामळी (जि. नंदुरबार) इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. कुणी म्हणेल, पैसा देवळाच्या कामाला जात असेल तर काय बिघडलं? बिघडतं ते असं: ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. पण पदाची बोली लागली, तर मजुरीला जाणाऱ्या बाईने अर्ज भरायचा कशाच्या जोरावर?

हेच माप आपल्या गटालाही लावा. अध्यक्ष-सचिव बदलायची वेळ आली की आपण म्हणतो, "राहू दे की त्याच, कशाला उगाच!" मग एखादीला उभं राहायचं असलं तरी ती गप्प बसते. गावात लोकशाही हवी, तर गटातही हवी ना?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि एवढं ठरवा:

१. कुठल्याही उमेदवाराच्या कार्यक्रमाला गटाचं नाव, पैसा किंवा गाडीभर बायका द्यायच्या नाहीत. ज्या ताईला जायचं, तिने स्वतःच्या मर्जीने जावं.

२. गटात पदाधिकारी निवडताना आधी विचारायचं, "आणखी कुणाला उभं राहायचंय का?" दोन नावं आली तर चिठ्ठीने गुप्त मतदान घ्यायचं.

३. काही चुकीचं दिसलं तर नाव बाजूला ठेवून विचार करायचा: हेच समोरच्या पॅनेलने केलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? जे उत्तर येईल, तेच आपल्या माणसालाही तोंडावर सांगायचं. ऐकलं नाही, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते.

नात्यातल्या माणसाला हे सांगणं जड जातं, हे मला कळतं. म्हणूनच एकटीने नाही, गटाने मिळून सांगा.