आवडलं, पण कशाला: डोळ्यांना की जिभेला?

‘आय लाइक इट’ हे इंग्रजी वाक्य सिनेमाला चालतं, सूपला चालतं, गावाला चालतं आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही चालतं. प्रागमध्ये चेक भाषा शिकायला बसलेल्या परदेशी माणसाची मात्र या साध्या वाक्यापाशीच गाडी अडते. काय आवडलं आणि कशामुळे आवडलं, हे ठरवल्याशिवाय चेकमध्ये क्रियापदच निवडता येत नाही.

दिसायला किंवा ऐकायला छान वाटलं, तर ‘लीबी से मि’. व्ल्तावा नदीवरचा चार्ल्स पूल, एखादी धून, मित्राचं नवं घर, सगळं यात बसतं. ताटातल्या पदार्थाला मात्र हे लावू नये. ऐकणाऱ्याला वाटेल, पाहुण्याने पदार्थ नुसता बघितला! चवीचं क्रियापद वेगळं आहे. मलईच्या दाट सॉसमधलं ‘स्विच्कोवा’ हे गोमांस आणि सोबत उकडलेल्या पिठाच्या क्नेद्लीकचे काप, असं ताट चाटूनपुसून संपलं की वेटर थाळी उचलताना विचारतो, ‘खुत्नलो वाम?’ म्हणजे ‘चव आवडली ना?’ उत्तरही त्याच क्रियापदात द्यायचं: ‘खुत्नलो’.

माणसांच्या बाबतीत तर जपूनच बोलावं. ऑफिसातल्या सहकारी बाईंना भाबडेपणाने ‘लीबीश से मि’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘तुम्ही मनात भरलात’ असा होतो आणि पुढचा आठवडा अवघड जातो. जुन्या, मुरलेल्या मायेसाठी ‘माम राद’ आहे. आई, मित्र, प्राग, कॉफी, सगळ्यांवरची माया त्यात मावते. पण इथे बोलणाऱ्याचं लिंग आड येतं. पुरुष ‘राद’ म्हणतो, बाई ‘रादा’ म्हणते. त्यामुळे इंग्रजी सिनेमाला चेक सबटायटल्स लिहिणाऱ्याला पडद्यावर कोण बोलतंय, हे माहीत असावंच लागतं. मैत्रिणीच्या नव्या झग्याचं कौतुक करायचं, तर आणखी तिसरीच वाट: ‘स्लुशी ति तो’, म्हणजे ‘तुला शोभतंय’.

या सगळ्यात मराठी माणूस इंग्रजाच्या दोन पावलं पुढे असतो. इंग्रजीत आवडवून घेणारा ‘मी’ कर्ता असतो. ‘लीबी से मि’मध्ये आवडलेली वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत, अगदी आपल्या ‘मला आवडतं’सारखा. पाणिनीनेही ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला रुचतं त्याला संप्रदान ठरवून चतुर्थीच दिली आहे. भूतकाळात तर साम्य आणखी ठळक होतं. चेकमध्ये ‘फिल्म’ पुल्लिंगी, म्हणून ‘लीबिल’. ‘ह्रा’ म्हणजे नाटक, ते तिथे स्त्रीलिंगी, म्हणून ‘लीबिला’. ‘म्न्येस्तो’ म्हणजे शहर, नपुंसकलिंगी, म्हणून ‘लीबिलो’. आपल्याकडे चित्रपट आवडला, गोष्ट आवडली, नाटक आवडलं. तीन लिंगं आणि त्यांच्यामागून निमूट चालणारं क्रियापद, ही डोकेदुखी इंग्लंडहून आलेल्याला. कोल्हापूरहून गेलेल्याला ती घरचीच.

‘लीबी’ची मुळंही फार लांबची नाहीत. भाषाशास्त्रज्ञ ती संस्कृत ‘लुभ्’ धातूशी आणि इंग्रजीतल्या ‘लव्ह’शी जोडतात. चेकमधलं ‘लीबत’, म्हणजे चुंबन घेणं, याच कुळातलं. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिणाऱ्या आपल्या आजोबांना हे नातं ऐकून गंमत वाटली असती.

फेसबुकच्या ‘लाइक’ बटणाचं चेकमध्ये ‘तो से मि लीबी’ असं चार शब्दांचं अख्खं वाक्य झालं. बोलताना तरुण मंडळी तेवढी सबुरी ठेवत नाहीत. ती सरळ ‘लाइक’ देतात आणि त्याला चेक प्रत्यय लावून क्रियापदही करून टाकतात.

आणि इंग्रजीतलं ‘आय वुड लाइक अ बिअर’? दरडोई बिअर पिण्यात वर्षानुवर्षं जगात पहिल्या असलेल्या या देशात इथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘दाम सि पिवो’. शब्दशः, ‘मी स्वतःला एक बिअर देईन.’