मनगटी घड्याळाचे पुनर्विक्री मूल्य

मनगटी घड्याळाचे पुनर्विक्री मूल्य म्हणजे वापरलेले किंवा संग्रहात ठेवलेले घड्याळ पुन्हा विकताना बाजारात प्रत्यक्ष मिळणारी रक्कम होय. बहुसंख्य घड्याळांची किंमत पहिल्या खरेदीनंतर लगेच घटते. काही निवडक घड्याळे मात्र मूळ किमतीच्या आसपास किंवा तिच्याहून अधिक किमतीला विकली जातात. हा फरक केवळ ब्रँडच्या नावामुळे पडत नाही. उपलब्धता, सुट्या भागांचा अस्सलपणा, मालकीची कागदपत्रे आणि पहिल्या खरेदीच्या वेळी मोजलेली किंमत यांवर तो अवलंबून असतो. भारतात आयात शुल्क, जुन्या घड्याळांची नव्याने रंगविलेली तबकडी आणि तस्करीविरोधी कायद्यातील तरतूद यांमुळे या विषयाला वेगळे महत्त्व आहे.

संकल्पना

'घड्याळ मूल्य टिकवते' या विधानाचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. पहिल्या अर्थी विक्रीची किंमत खरेदीच्या किमतीइतकी असते. दुसऱ्या अर्थी विक्रेत्याचे कमिशन, दुरुस्ती व देखभाल यांचा खर्च वजा केल्यानंतरही तेवढी रक्कम हाती उरते. तिसऱ्या अर्थी या उरलेल्या रकमेची क्रयशक्ती महागाईनंतरही कायम राहते. जाहिरातींत सहसा पहिलाच अर्थ अभिप्रेत असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास, ५ लाख रुपयांना घेतलेले घड्याळ दहा वर्षांनी ६ लाख रुपयांना विकले, विक्रीवर १५ टक्के कमिशन गेले आणि दरम्यान दोनदा प्रत्येकी ४० हजार रुपये देखभालीवर खर्च झाले, तर मालकाकडे ४ लाख ३० हजार रुपये उरतात. वार्षिक महागाई ६ टक्के धरली तर मूळ ५ लाखांची क्रयशक्ती राखण्यासाठी सुमारे ८ लाख ९५ हजार रुपये हाती यावे लागतील. म्हणजेच 'किंमत वाढलेले' घड्याळही मालकाला तोट्यात ठेवू शकते.

मूल्य ठरविणारे घटक

यंत्र: २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतर अचूक वेळ ही स्वस्त गोष्ट झाली आणि स्वित्झर्लंडमधील अनेक कारखाने अडचणीत आले. यांत्रिक घड्याळ गरजेपेक्षा कारागिरी व प्रतिष्ठेची वस्तू म्हणून विकले जाऊ लागले. आज मूल्य टिकविणाऱ्या घड्याळांत चावीच्या व स्वयंचलित यांत्रिक घड्याळांचाच भरणा अधिक आहे. त्यांची दुरुस्ती सुटे भाग बदलून अनेक दशके करता येते. इलेक्ट्रॉनिक भाग मिळेनासे झाल्यावर क्वार्ट्झ घड्याळांबाबत हे कठीण होते.

उपलब्धता: रोलेक्स, पाटेक फिलिप आणि ऑडमार पिगे या कंपन्यांच्या काही पोलादी प्रारूपांना मागणीच्या मानाने पुरवठा कमी असतो. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेली 'रॉयल ओक' (१९७२) आणि 'नॉटिलस' (१९७६) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. याच दर्जाच्या कंपन्यांची सोन्याची किंवा हिरेजडित घड्याळे मात्र पुनर्विक्रीत अनेकदा मोठी घट दाखवितात. कारण त्यांच्या दुकानातील किमतीचा अल्प भागच धातूच्या वजनात असतो.

पूर्वेतिहास: अभिनेते पॉल न्यूमन यांचे स्वतःचे रोलेक्स 'डेटोना' ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यू यॉर्क येथील लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. ही किंमत त्या एका घड्याळाच्या सिद्ध होऊ शकणाऱ्या मालकीची होती. त्याच प्रारूपाच्या इतर घड्याळांना ती लागू होत नाही.

भारतातील बाजार

फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड वॉच कंपनी यांसारख्या ब्रँडांचा भारतातील व्यापार मुंबईतून वाढला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान मशीन टूल्स (एचएमटी) या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने इ.स. १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. 'जनता', 'पायलट', 'कांचन', 'कोहिनूर' ही तिची प्रारूपे घराघरांत पोहोचली. लग्नात, नोकरीच्या पहिल्या पगारात किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभात एचएमटी देण्याची प्रथा महाराष्ट्रातही रूढ होती. १९८० च्या दशकात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली आणि एचएमटीची पीछेहाट सुरू झाली.

इ.स. २०१४ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर होताच शिल्लक मालासाठी ग्राहकांची झुंबड उडाली. जी घड्याळे काही वर्षांपूर्वी दुकानांत पडून होती, त्यांना संग्राहक छापील किमतीहून अधिक पैसे देऊ लागले. महागडी नसलेली वस्तूही उत्पादन थांबल्यावर, मोठ्या वर्गाच्या आठवणी तिच्याशी जोडलेल्या असल्यास, मूल्य मिळवू शकते हे या घटनेने दाखविले. मात्र ही वाढ प्रामुख्याने न वापरलेल्या किंवा मूळ स्थितीतील घड्याळांच्या वाट्याला आली.

'मुंबई स्पेशल'

जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' ही संज्ञा जगभर वापरली जाते. तबकडी नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे काटे, चावी, यंत्र आणि बाह्य आवरण एकत्र जुळवून तयार केलेले घड्याळ, असा तिचा अर्थ आहे. एचएमटी, फाव्र-ल्यूबा, सेको, सिटिझन अशा ब्रँडांची नावे असलेली ही घड्याळे मुंबईतील विक्रेत्यांकडून ऑनलाइन मार्गाने मोठ्या प्रमाणावर परदेशी गेल्याने हे नाव पडले.

या प्रकारामागे मुळात फसवणुकीचा हेतू होता असे नाही. दमट हवेत तबकडी डागाळते, आयात निर्बंधांच्या काळात परदेशी सुटे भाग सहज मिळत नसत, आणि घड्याळ चालू राहणे हीच मालकाची गरज असे. अशा वेळी तबकडी पुन्हा रंगवून देणे ही घड्याळजीची प्रामाणिक सेवाच होती. असे घड्याळ 'मूळ स्थितीतील' म्हणून विकले जाते, तेव्हा मात्र ती फसवणूक ठरते. संग्राहकांच्या दृष्टीने मूळची, किंचित पिवळी पडलेली तबकडी नव्या चकचकीत तबकडीहून मौल्यवान असते. कारण रंग पुन्हा देता येतो, मूळ छपाई परत आणता येत नाही. याच कारणाने आवरणाला वारंवार पॉलिश करून त्याच्या कडा झिजविणेही मूल्य घटविते.

अशा घड्याळांत पुढील खुणा वारंवार आढळतात:
• कंपनीने त्या प्रारूपात कधीही न वापरलेले भडक रंग
• जाड, पसरलेली किंवा वाकडी अक्षरे
• मिनिटांच्या खुणा आणि काटे यांचा मेळ नसणे
• तारखेच्या चौकटीत अंक मध्यभागी न येणे
• पाठीमागच्या झाकणावरील क्रमांक आणि आतील यंत्र यांत विसंगती

कागदपत्रे व कायदा

खरेदीची पावती, अनुक्रमांक असलेले हमीपत्र, मूळ डबी आणि देखभालीच्या नोंदी असलेल्या घड्याळाला तशाच पण कागदपत्रांविना असलेल्या घड्याळापेक्षा अधिक किंमत येते. भारतात पावतीला आणखी एक कायदेशीर कारण आहे. नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळात सोन्याबरोबरच परदेशी घड्याळांचीही समुद्रमार्गे तस्करी होत असे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्यासोबत घड्याळांचाही नावानिशी उल्लेख आहे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने घड्याळ जप्त झाल्यास, ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यातून ते जप्त झाले त्याच्यावर, तसेच मालकी सांगणाऱ्यावर येते. त्यामुळे पावतीविना, स्वस्तात मिळणारे परदेशी घड्याळ घेताना किमतीतील सवलतीबरोबर हा धोकाही विकत घेतला जातो.

आयात घड्याळाच्या भारतातील किमतीत सीमाशुल्क आणि वस्तू व सेवा कर समाविष्ट असतात. जागतिक बाजारातील जुन्या घड्याळांचा भाव ठरताना हा कर मोजला जात नाही. म्हणून येथे पूर्ण किमतीत घेतलेल्या घड्याळाची तुलना परदेशातील पुनर्विक्रीच्या भावाशी केल्यास चित्र दिशाभूल करणारे ठरते. १० मार्च २०२४ रोजी स्वाक्षरी झालेला भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघटना (एफ्टा) यांच्यातील करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. नवी घड्याळे स्वस्त झाल्यास, जुन्या दराने शुल्क भरून घेतलेल्या घड्याळांच्या भावावर त्याचा दबाव येऊ शकतो. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने १ टक्का आयकर गोळा करण्याची तरतूदही लागू झाली. ही रक्कम ग्राहकाला आपल्या आयकरात वळती करून घेता येते.

खरेदीतील दक्षता

महागड्या परदेशी ब्रँडांची अधिकृत दालने महानगरांत एकवटलेली आहेत. मुंबईच्या उत्तरेकडील वसई, नालासोपारा, विरार या भागांतील ग्राहकालाही असे नवे घड्याळ घेण्यासाठी साधारणतः मुंबई गाठावी लागते. जुन्या घड्याळाचा व्यवहार मात्र घरबसल्या होऊ शकतो, आणि वस्तू हाताळण्याआधीच पैसे देण्याचा प्रसंग त्यातच येतो. अशा व्यवहारात झाकण उघडून यंत्राचे स्पष्ट छायाचित्र मागविणे, अनुक्रमांक हमीपत्राशी ताडून पाहणे, त्याच प्रारूपाच्या कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाशी तबकडीची तुलना करणे आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या घड्याळजीकडून तपासणी करून घेणे हे उपाय उपयुक्त मानले जातात. भावाचा अंदाज विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवरून न घेता, प्रत्यक्ष झालेल्या लिलावांच्या व विक्रीच्या आकड्यांवरून घेतला जातो.

मर्यादा

घड्याळातून व्याज किंवा लाभांश मिळत नाही आणि त्याचा भाव मागणीनुसार बदलतो. कोविड साथीच्या काळात लोकप्रिय पोलादी घड्याळांचे पुनर्विक्री भाव झपाट्याने चढले, इ.स. २०२२ च्या पूर्वार्धात शिखरावर पोहोचले आणि नंतर मोठ्या प्रमाणात उतरले. तेजीच्या शेवटी खरेदी करणाऱ्यांना अस्सल व दुर्मिळ घड्याळातही तोटा सोसावा लागला. शिवाय घड्याळ तातडीने विकायचे झाल्यास व्यापारी स्वतःचा नफा वजा करूनच भाव देतो. सोन्याला दररोज जाहीर होणारा दर आणि जवळच्या सराफाकडे तयार गिऱ्हाईक असते. घड्याळाला यांपैकी काहीही नसते. म्हणूनच आर्थिक अडचणीसाठी राखून ठेवलेल्या पुंजीचा पर्याय म्हणून घड्याळाकडे पाहणे जोखमीचे ठरते.