वाटीभर सूप, पातेलंभर गैरसमज

बारडोलीत मराठी बोलणं कानावर पडलं तर कुणी वळून बघत नाही. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचं हे गाव. गाडीत बसलं की व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी स्टेशनं लागत जातात, आणि नवापूरचं स्टेशन तर अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. साखर कारखान्यांच्या हंगामात खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कामाला किंवा कॉलेजला आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी मुलंही इथे आहेत. त्यांच्या खोलीत एक शेगडी, एक पातेलं आणि नूडल्सचं पाकीट असतंच. पाकीट फोडायच्या आत मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला सल्ला हजर होतो.

पहिला सल्ला मेणाचा. नूडल्स एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर मेणाचा थर देतात, तेव्हा पहिलं पाणी ओतून टाका, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मेण नसतं. झटपट नूडल्स आधी वाफवतात आणि मग बहुतेक वेळा तेलात तळतात. तळताना पिठातलं पाणी उडून जातं, बारीक छिद्रं राहतात, आणि त्या छिद्रांतून गरम पाणी आत शिरतं म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत शिजतात. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली बाजारात आणलेली युक्ती हीच. पातेल्यात दिसणारा गढूळपणा पिठातल्या स्टार्चचा आणि वरचा तवंग तळणीच्या तेलाचा. पाणी ओतलं तर थोडं तेल आणि थोडं मीठ जातं हे खरं, पण त्याच पाण्यात भाज्या शिजल्या असतील तर चवही मोरीत जाते. तळलेल्या नूडल्स नकोच असतील तर पाकिटामागे पाम तेलाचा उल्लेख शोधावा आणि दुसरं पाकीट घ्यावं.

नाहीतर गावाहून आलेल्या शेवया आहेतच. शेवया खिरीसाठीच, असं आपण का ठरवून टाकलं कोण जाणे! उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया कोरड्या भाजून उकळत्या रश्शात टाकल्या की काम झालं. त्या चटकन गळतात, म्हणून सगळ्यात शेवटी घालायच्या.

दुसरा आरोपी अजिनोमोटो. हे खरं तर कंपनीचं नाव. पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोत, मशरूममध्येही ग्लुटामेट निसर्गतःच असतं. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो अशा आशयाचं, आणि तिथून ही भीती जगभर गेली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या जेवणात असतं तेवढ्या प्रमाणात ती लक्षणं सातत्याने दिसली नाहीत.

आपल्याकडे या भीतीला २०१५ ने खतपाणी घातलं. ‘अजिनोमोटो सापडला म्हणून मॅगीवर बंदी आली’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ५ जून २०१५ च्या बंदीच्या आदेशात मुख्य मुद्दा शिशाचा होता. ग्लुटामेटबाबतचा आक्षेप पाकिटावर ‘घातलेले नाही’ असं छापण्यावर होता. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला तो आदेश रद्द करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं. त्या तपासणीत शिसं मर्यादेतच निघालं आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानात आली.

तिसरा निरोप शाकाहारी घरांत हमखास फिरतो: पाकिटावर ६३१ किंवा ६३५ असा आकडा दिसला की त्यात डुकराची चरबी. हे आकडे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे आहेत आणि ते पदार्थ चरबी नव्हेत. ६३१ मांसापासून किंवा माशांपासून बनवता येतो, म्हणून शंका अगदीच बिनबुडाची नाही. पण साखर किंवा स्टार्च आंबवूनही तो बनतो, आणि हिरवा ठिपका लावायचा तर कायद्याने प्राणिज घटक चालत नाही. दूध आणि मध यांसारखे अपवाद सोडून. आकडा पाठ करण्यापेक्षा ठिपका बघावा.

मैदा आतड्यांना चिकटून बसतो, हेही असंच एक. पोटात गेलेला मैदा इतर पिष्टमय अन्नासारखाच पचतो. त्याची खरी उणीव तंतूंची, आणि ती भाज्या भरून काढतात. उलट ‘आटा’ असं ठळक छापलेलं पाकीट पाहून निर्धास्त होणारे फसतात, कारण त्या नूडल्सही अनेकदा तळलेल्याच असतात आणि मसाल्याची पुडी तितकीच खारट.

माझा खरा राग त्या पुडीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. सत्तर ग्रॅमच्या आसपासच्या अनेक पाकिटांत नूडल्स आणि पुडी मिळून प्रत्येकी साधारण दोन ग्रॅम मीठ निघतं. पाकिटामागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं; त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. मेणाच्या आणि चरबीच्या अफवा चघळणारी मंडळी हा छापील आकडा मात्र वाचत नाहीत.

मग पुडीशिवाय चव कुठून आणायची? कोंबडीच्या पाण्याशिवाय सूपला दम नसतो असं म्हणणाऱ्यांनी आमटीचा कट विसरू नये. दुपारच्या गोड्या वरणावरचं दोन पळ्या पातळ पाणी हा शाकाहारी सूपचा उत्तम पाया आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही आलं, हिंग, मिरी आणि पिकलेला टोमॅटो पुरतो.

एकट्यासाठी माप असं: दोन कप पाणी, ४० ते ५० ग्रॅम नूडल्स, मूठ-दीड मूठ भाज्या. चमचाभर तेलात किसलेलं आलं आणि हिरवी मिरची परता. चिरलेला टोमॅटो घालून तो पूर्ण मऊ होऊन तेल सुटेपर्यंत थांबा. इथे घाई केली तर सूप पाणचट होतं. मग गाजर आणि फरसबी उभी पातळ चिरून, थंडीत बारडोलीच्या बाजारात मिळतात ते ओले तुरीचे दाणे, वरणाचं पाणी आणि साधं पाणी. दाणे बोटाने दाबले जाईपर्यंत उकळा, तेव्हाच नूडल्स टाका. कोबी अगदी शेवटी. ४० ग्रॅम पनीरचे तुकडे घातले तर साधारण सात ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि ते रात्रीचं जेवण होतं.

नूडल्स वेगळ्या उकडायलाच हव्यात, हा नियम हॉटेलातला. तिथे सूप तासन्‌तास तयार ठेवायचं असतं आणि रश्शात राहिलेल्या नूडल्स फुगत जातात. लगेच खाणाऱ्याने त्याच पातेल्यात शिजवाव्यात, स्टार्चने रस्सा जरा दाट होतो. भाज्या उकळल्या की सगळी जीवनसत्त्वं गेली, ही समजूतही अर्धवट आहे. क जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने जातो, पण बरंचसं पाण्यात उतरतं आणि सूपमध्ये आपण ते पाणीच पितो. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळा.

पुडी वापरायचीच असेल तर अर्धी घाला आणि वरून मीठ घालू नका. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या भाजीत खपते.