क्लच प्लेटांवरचा आळ

उजव्या पायाच्या गिअरची जुनी बुलेट विकत घेतली की आठवड्याच्या आत कुणीतरी सांगतंच, "प्लेटा गेल्यात, सेट टाकून घ्या." माझ्या गाडीबद्दलही सगळ्यांचं तेच मत पडलं. कात्रजच्या चढावर अॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग मात्र तिथल्या तिथे. सिग्नलला याच्या उलट. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे रेटायची आणि न्यूट्रल सापडायचा नाही. या गिअरबॉक्सला न्यूट्रलसाठी टाचेने दाबायची वेगळी दांडी असते, तीसुद्धा अडून बसायची. म्हणजे क्लच घसरतही होता आणि चिकटतही होता.

नाना पेठेतल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी प्लेटांचं नावच काढलं नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि म्हणाले, "आधी तेल बघू."

कोणतं तेल, हा प्रश्न इथे रास्त आहे. मद्रासमध्ये १९५५ साली आलेली ही जात. तिच्या कास्ट आयर्न इंजिनाच्या गाड्यांत तेलाची तीन घरं वेगळी. इंजिनाचं एक, गिअरबॉक्सचं दुसरं आणि डाव्या बाजूच्या मोठ्या झाकणामागे प्रायमरीचं तिसरं. नंतरच्या एकसंध इंजिनांत तिन्ही कामं एकच तेल करतं. जुन्या गाडीत क्रँककडून क्लचकडे ताकद नेणारी दुहेरी साखळी, खुद्द क्लच आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर हे सगळं त्या तिसऱ्या घरात राहतं. तिथे किती तेल हवं हे झाकणावरचा लेव्हल स्क्रू सांगतो. गाडी सरळ उभी करून तो काढायचा. जास्तीचं तेल ओघळून थांबलं की पातळी बरोबर.

आमचं थांबेना. काळ्या तेलाची धारच लागली.

मिस्त्री रंगाकडे फारसं बघत नव्हते. प्लेटांची भुकटीही तेल काळं करते, तेव्हा काळेपणावरून काहीच ठरत नाही. त्यांचा मुद्दा पातळीचा होता. प्रायमरीतलं तेल गळून कमी होईल, पण आपोआप वाढेल कसं? ते कुठून तरी येत असणार. शेजारी इंजिन आहे आणि दोघांच्या मध्ये क्रँकवर एक रबरी ऑइल सील. गाडी बरेच महिने उभी राहिली, की टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. मग कुणी किक मारली की ते साचलेलं तेल वाट शोधतं आणि कडक झालेलं सील त्याला अडवत नाही. पडताळा सोपा होता. संध्याकाळी इंजिन गरम असताना डिपस्टिक बघितली, दुसऱ्या दिवशी किक मारण्याआधी पुन्हा बघितली. पातळी उतरलेली होती.

आता दोन्ही लक्षणांची सांगड बसली. तेलात बुडालेल्या प्लेटा एकमेकींपासून नीट सुटत नाहीत, क्लच चिकटतो. चिकटतो म्हणून आधीच्या कुणीतरी केबल ताणून घेतली होती. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी, इथे ती शून्य. त्यामुळे पुशरॉड प्रेशर प्लेटला कायम थोडी रेटून ठेवत होता, आणि त्यात तेलही जास्त, म्हणून चढावर घसरण. एका तक्रारीवरचा उपाय दुसरी तक्रार होऊन बसला होता. सेकंड हँड गाडीत हे फार दिसतं. मूळ दोष एकच असतो, बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या.

झाकण मधल्या एकाच मोठ्या नटवर बसतं. ते काढण्याआधी खाली पसरट ट्रे हवाच. साखळी अखंड असल्यामुळे इंजिनाचं स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही एकदम पुढे ओढावे लागतात. सीलपर्यंत पोचायला स्टेटर, रोटर सगळंच उतरवावं लागलं. एवढ्याशा रबरासाठी अर्धी गाडी बाकावर. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहिलं. सपाट निघाल्या. अस्तराच्या प्लेटांची जाडीही पुरेशी होती, त्या धुऊन परत बसवल्या. साखळीचा ताण मिस्त्रींनी क्लच फिरवत बऱ्याच ठिकाणी बोटाने दाबून पाहिला, कारण जुनी साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. शेवटी लिव्हर दाबायला लावून प्रेशर प्लेट सरळ उचलते की तिरकी, ते निरखलं.

नवं तेल साधं, बाइकचंच घेतलं. डब्यावर जासो एमए असलं की ओल्या क्लचला चालतं. एमबी हे कमी घर्षणाचं, स्कूटरसाठीचं. कारचं इंधन वाचवणारं महाग तेल लाडाने इथे ओतणारे लोक आहेत. त्यांना पुढे प्लेटांचा सेटही घ्यावा लागतो.

पंपाचं काम अजून बाकी आहे. तोवर गाडी फार दिवस उभी ठेवायची नाही, अशी ताकीद मिळाली. झाकणाच्या कडेला थोडा ओलावा दिसतो, पण मधला नट आणखी आवळायला मिस्त्री तयार नाहीत; जास्त आवळलं की झाकण वाकतं आणि गळती वाढते. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा लेव्हल स्क्रू काढला. दोन-चार थेंब आले आणि थांबले. प्लेटा जुन्याच आहेत.