टाकीतला सूर्य किती वॅटचा?

मालवण आणि आचरा यांच्या मध्ये तोंडवली आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे सुरूच्या बनाची चिंचोळी पट्टी. याच तोंडवली-वायंगणी परिसरात ‘सी वर्ल्ड’ उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा भूसंपादनाला ग्रामस्थांनी विरोध केला आणि चर्चा जमिनीभोवती फिरत राहिली. त्या निमित्ताने विज्ञानाचाही एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. काचेच्या टाकीत खारे पाणी भरता येते, मासे सोडता येतात. पण जिवंत प्रवाळ ठेवायचे तर सूर्य कुठून आणायचा?

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. मात्र त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळते. म्हणजे घरच्या माशांच्या टाकीवरची ट्यूब ही शोभेची वस्तू असली, तरी प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा हे त्याचे जेवण आहे.

स्टेडियममधला दिवा टाकीवर

एलईडी येण्यापूर्वी हे काम प्रामुख्याने मेटल हॅलाइड दिव्यांनी केले. क्रिकेटच्या मैदानावर वर्षानुवर्षे जे प्रखर दिवे लागत, त्यांच्याच कुळातले हे दिवे. क्वार्ट्झच्या लहानशा नळीत पारा, आरगॉन वायू आणि काही धातूंची हॅलाइड संयुगे असतात. त्यातून विजेची ठिणगी सतत वाहत ठेवली की प्रखर प्रकाश पडतो. कोणते धातू, किती प्रमाणात, यावर प्रकाशाचा रंग ठरतो. ट्यूबलाइटला जसा चोक लागतो तसा यांनाही बॅलास्ट लागतो, आणि दिव्याच्या जातीला जुळणाराच लागतो.

प्रकाश एका लहान जागेतून येत असल्याने पाण्याच्या लाटांमधून तो वाकतो आणि तळावर हलणारी उन्हाची जाळी पडते. उथळ समुद्रात दिसते तशीच. लांबलचक ट्यूबखाली ही जाळी दिसत नाही.

रंग, वॅट आणि खोली

दुकानात या दिव्यांवर केल्विनमध्ये आकडा लिहिलेला असतो: ६,५००, १०,०००, १४,००० किंवा २०,०००. हा आकडा प्रकाशाच्या रंगाचा आहे, ताकदीचा नाही. ६,५०० चा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा, किंचित पिवळट. १०,००० चा पांढरा स्वच्छ, १४,००० चा निळसर आणि २०,००० चा गडद निळा.

सर्वसाधारणपणे तेवढ्याच वॅटमध्ये ६,५०० चा दिवा शैवालाला वापरता येईल असा प्रकाश जास्त देतो. २०,००० चा कमी. पण निळ्या प्रकाशात प्रवाळांतली रंगद्रव्ये हिरवी-केशरी चमकतात, म्हणून हौशी लोकांना तोच आवडतो. वाढ हवी की झळाळी, असा हा सौदा आहे. मधला मार्ग म्हणून बरेच जण १०,००० किंवा १४,००० वर थांबतात.

वॅटचे गणित खोलीवर ठरते. उथळ टाकीला १५० वॅट पुरतो, दीड-दोन फूट खोलीला साधारण २५० आणि त्याहून खोल टाकीला ४०० वॅट. मात्र चांगला परावर्तक नसेल तर ४०० वॅटचा दिवाही अर्धे काम छताला देतो. प्रकाश मोजताना ‘लक्स’वर विसंबू नये. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी आहे. शैवालाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश मोजायला वेगळे मीटर मिळते.

डोळे सांभाळा

हे दिवे दोन बांधणीत येतात. एका टोकाला स्क्रूसारखी टोपी असलेल्या दिव्याला बाहेरून काचेचे आवरण असते आणि ते अतिनील किरण अडवते. दोन्ही टोकांना जोडणी असलेला दिवा आकाराने लहान, प्रकाश अधिक एकवटलेला; पण त्याला हे आवरण पुरेसे नसते. त्याच्या खोक्याला वेगळी संरक्षक काच हवीच. ती काढून दिवा लावला तर टाकीतले प्रवाळ भाजतात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाही इजा होते. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, तोच प्रकार. एकटोकी दिव्याची बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहू शकते. असा दिवा ताबडतोब बंद करावा. आत पारा असल्याने निकामी दिवा घरच्या कचऱ्यात टाकू नये.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त काळ तापले तरी प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मेटल हॅलाइड टाकीचे पाणी तापवतो, म्हणून आपल्या हवेत वेगळे शीतयंत्र लागते. ४०० वॅटचा एक दिवा रोज आठ तास लावला तर महिन्याला सुमारे ९६ युनिट, शीतयंत्राची वीज वेगळी. वीज गेली आणि लगेच आली, तरी तापलेला दिवा दहा-पंधरा मिनिटे पेटत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हे किती वेळा होईल, ते सांगायला नको. शिवाय साधारण वर्षभरात त्याचा रंग आणि जोर उतरतो. डोळ्याला दिसत नाही, पण प्रवाळाला कळते. या सगळ्यामुळे आज बहुतेकांनी कमी विजेचे, रंग जुळवता येणारे एलईडी घेतले आहेत.

मालवणचे पाणी निळे नाही

पण कोणत्या रंगाचा प्रकाश ‘नैसर्गिक’? पाणी तांबडा रंग आधी गिळते. स्वच्छ खोल समुद्रात शेवटपर्यंत उरतो तो निळा. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर वीस मीटर आणि त्याहून खोल पाण्यात प्रवाळ आहेत. २०,००० केल्विनच्या टाकीची आठवण व्हावी असा तो प्रकाश.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ मात्र काही मीटर पाण्यातच आहेत, आणि ते पाणी हिरवट आहे. नद्यांचा गाळ, कुजलेल्या पाल्याचा अर्क आणि तरंगते शैवाल निळा प्रकाशच आधी शोषतात. पावसाळ्यात तर प्रकाश फारच कमी होतो. तरीही पोराइट्स, गोनिओपोरा, टर्बिनेरिया यांसारखे गढूळपणा सोसणारे प्रवाळ इथे टिकून आहेत. त्यांचे जगणे आधीच काठावरचे आहे. गाळ थोडा वाढला की त्यांच्या ताटातले अन्न तेवढे कमी होते.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. त्यामुळे किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे, दिवा कितीही चांगला असला तरी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मालवणला हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे नोंदवले आहे.

म्हणून सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंग करणार असाल तर तीन गोष्टी पाळा: प्रवाळावर पाय टेकू नका, तळाचा गाळ ढवळू नका आणि तुकडा खिशात घालू नका. इथे प्रवाळांना ऊन फुकट मिळते आहे. ते त्यांच्यापर्यंत पोहोचू देणे एवढेच आपल्या हातात आहे.